दहाला उघडणारं दुकान

आमच्या स्वीडनमध्ये मुलांच्या जिभेला वार कळतो.
गोड म्हणजे शनिवार.
उरलेले सहा दिवस गाजर, कडक पाव
आणि शनिवारची चौकशी.
माझ्या आईनं मला असंच वाढवलं, ईल्वाच्या आईनं ईल्वाला,
आणि आम्ही दोघांनी मायकेनला, सिक्स्टेनला,
जोवर आम्ही दोघं होतो.

आता जुलैतला एक आठवडा माझा.
रविवार दुपार ते शनिवार सकाळ.
आल्होल्मन बेट, भाड्याचं लाल खोपटं,
रात्री अकरापर्यंत रेंगाळणारा उजेड,
आणि धक्क्यावर गुनवोरबाईंचं दुकान:
आंबट मासे, खारट ज्येष्ठमध, साखरेत लोळलेल्या कवट्या,
पत्र्याचा छोटा डाव, कागदी पिशवी,
वजनावर पैसे.

मी ठरवूनच आलो होतो.
सुट्टीत कसले आलेत वार?
सोमवारी पोहून झाल्यावर म्हटलं, चला,
हवं ते, हवं तेवढं.
सिक्स्टेन पाच वर्षांचा. त्याला तत्त्वं नाहीत.
दोन्ही हातांनी डाव धरून तो खणात शिरला.
मायकेननं पायांवरची वाळू झाडली,
म्हणाली, आज सोमवार आहे.

मंगळवारी आइस्क्रीम. नको.
बुधवारी पाऊस, दालचिनीचा गोड पाव.
तो घेतला, कारण पाव खाऊत मोडत नाही
असं तिनं आईला विचारलं होतं.
फोनवर. माझ्यासमोर.
मी खिडकीतून समुद्राकडे बघत राहिलो
जणू तिथं काही चाललं होतं.

गुरुवारी मी चिडलो.
नियम माझाही आहे, म्हटलं. मी केला, मी मोडेन.
ती नऊ वर्षांची आहे. तिनं नीट विचार केला.
"तुम्ही दोघांनी मिळून केला होता.
मग दोघांनी मिळून मोडा."

सिक्स्टेनच्या तोंडात ज्येष्ठमध होता,
काळी लाळ हनुवटीवरून उतरत होती.
मी ती पुसली. खूप वेळ पुसली.
कुणाची तरी हनुवटी हाती लागत होती.

शुक्रवारी रात्री तिनं यादी केली,
जुन्या तिकिटाच्या पाठीवर, पेन्सिलीनं:
बारा मासे, चार कवट्या,
सिक्स्टेनला आवडणारे दोन, पापाला खारट.
खाली अंदाजे ग्रॅम.
अधोरेखा पट्टीनं मारलेली, आईसारखी.

शनिवार. बोट नऊ चाळीसला.
मला ठाऊक होतं. एप्रिलपासून ठाऊक होतं,
तिकिटं मीच काढली होती.
दुकानावर पाटी: दहा ते सहा.
काचेआड मासे, कवट्या, सगळं आपापल्या खणात गप्प.
मी दार वाजवलं. मागं जाऊन खिडकी वाजवली.
गुनवोरबाईंचं कुत्रं तेवढं भुंकलं.
पुढची बोट दोनला,
आणि पलीकडच्या धक्क्यावर ईल्वा
वेळेच्या आधीच येऊन उभी असणार.

मायकेननं यादीची घडी घातली.
घडीची आणखी एक घडी.
रडली नाही. रडली असती
तर मला काही करता आलं असतं.

बोटीत सिक्स्टेननं खिसे उलटे केले:
वाळू, शिंपला, कुणाचं तरी बटण,
आणि सोमवारचा एक मासा,
लोकरीचे तंतू चिकटलेला, शेपटी चावलेली.
त्यानं तो ताईपुढे धरला.
ती माझ्याकडे बघत होती.
"आज शनिवार आहे," मी म्हटलं.

तिनं मासा बाटलीतल्या पाण्यानं धुतला,
दातांनी दोन तुकडे केले,
मोठा भावाला, उरलेला स्वतःच्या तोंडात.
किनाऱ्यावरची माणसं ओळखू येईपर्यंत चघळत राहिली.
मग म्हणाली, पुढच्या वर्षी
परतीचं तिकीट रविवारचं काढ.

आधी आईला विचार.